पुढच्या चाकावरचा भार

वळणावर झुकलेल्या मोटरसायकलचे मागचे चाक घसरले तर सावरण्यासाठी स्वाराला थोडा तरी अवधी मिळतो, परंतु पुढचे चाक घसरले तर तो बहुधा मिळत नाही. आणि आजच्या मोटोजीपी शर्यतींत स्वार पडतो तो बहुतेक वेळा पुढचे चाक सुटल्यामुळेच. या पडण्याला लो-साइड म्हणतात, कारण गाडी ज्या बाजूला झुकलेली असते त्याच बाजूला ती आडवी होते आणि स्वार तिच्यामागोमाग घसरत ट्रॅकच्या बाहेर जातो. याउलट मागचे चाक घसरून पुन्हा एकाएकी पकड घेते तेव्हा गाडी स्वाराला विरुद्ध बाजूला उंच भिरकावते. हा हाय-साइडचा प्रकार हाडांच्या दृष्टीने अधिक घातक असून, जुलै २०२० मध्ये हेरेझच्या शर्यतीत मोटोजीपी स्वार मार्क मार्केझचा उजवा दंड मोडला तो अशाच अपघातात. लो-साइडमध्ये इजा सहसा कमी होते खरी, पण सावरण्याची संधीही कमी असते. म्हणून पुढचे चाक घसरल्यावर काय करावे यापेक्षा ते घसरण्याच्या बेतात कशामुळे येते हे समजून घेणे अधिक उपयोगाचे ठरते.

टायरची रुंदी आणि स्वाराच्या शरीराची ठेवण क्षणभर बाजूला ठेवली, तर ४५ अंशांत झुकून वळणाऱ्या गाडीला तिच्या वजनाइतकेच बल वळणाच्या आतल्या दिशेने लागते, आणि मोटोजीपीतील गाड्या ६० अंशांपलीकडे झुकतात तेव्हा ते वजनाच्या पावणेदोन पटींच्या घरात जाते. हे सारे बल दोन टायरांच्या, प्रत्येकी जेमतेम तळहाताएवढ्या भागांतून जमिनीकडून मिळवायचे असते. टायर ते देतो, पण काहीसा घसरत देतो: वळताना चाकाचे तोंड ज्या दिशेला असते आणि चाक प्रत्यक्षात ज्या दिशेला जाते त्यांत नेहमीच थोडा फरक असतो. या फरकाला घसरकोन म्हणता येईल. तो वाढतो तसे सुरुवातीला टायरचे आडवे बलही वाढत जाते, परंतु एका मर्यादेनंतर कोन वाढला तरी बल वाढत नाही, उलट उतरू लागते. थोडक्यात, ट्रॅकवर वेगाने वळणारे पुढचे चाक सदासर्वदा किंचित घसरतच असते, आणि ‘फ्रंट गेला’ असे स्वार म्हणतात तेव्हा ती मर्यादा ओलांडली गेलेली असते.

ती ओलांडल्यावर सगळे इतक्या झपाट्याने का घडते, याचे उत्तर हॅण्डलच्या रचनेत आहे. हॅण्डल ज्या तिरक्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष खाली वाढवत नेला, तर तो जमिनीला जिथे भेटेल त्याच्या थोडा मागे टायर टेकलेला असतो. या काही सेंटिमीटरच्या अंतराला ट्रेल असे नाव आहे. झुकलेल्या गाडीत या अंतरामुळे दोन परस्परविरोधी ओढी निर्माण होतात. जमीन चाकाला जे वर ढकलते त्यामुळे चाक वळणाच्या आत वळू पाहते, तर टायरचे आडवे बल त्याला बाहेरच्या बाजूला सरळ करू पाहते, आणि या दोहोंच्या तोलामुळे हॅण्डल स्थिर राहते. पकड सुटून आडवे बल उतरले की सरळ करणारी ओढ ढिली पडते, चाक आत वळते, त्यामुळे घसरकोन आणखी वाढतो आणि बल आणखी उतरते. एकमेकांना खतपाणी घालणाऱ्या या दोन गोष्टींमुळे क्षणार्धात हॅण्डल आत दुमडले जाते. मागच्या चाकाच्या बाबतीत मात्र घसरणे थ्रॉटलमुळे सुरू झाले असेल तर थ्रॉटल हळुवार कमी करून ते आवरता येते. पुढच्या चाकासाठी असा सोयीचा खटका नाही.

ब्रेक मारणे आणि वळणे ही दोन्ही कामे पुढचा टायर एकाच पकडीतून करतो, आणि त्यांचा हिशेब साध्या वजाबाकीचा नसतो. ढोबळ गणिताने पाहता, पकडीचा ६० टक्के भाग ब्रेकसाठी वापरला तरी वळण्यासाठी ८० टक्के शिल्लक राहतो, आणि ब्रेकसाठी ८० टक्के वापरला तर वळण्यासाठी ६० टक्के उरतो, कारण दोन्ही बले काटकोनात असल्यामुळे त्यांची बेरीज कर्णाच्या नियमाने होते. त्यामुळे झुकत असताना ब्रेक लावलेला ठेवणे अजिबात चूक नाही. फक्त झुकाव जसजसा वाढत जाईल तसतसा ब्रेकच्या खटक्यावरचा बोटाचा दाब उतरत गेला पाहिजे. वळणात शिरेपर्यंत ब्रेक असा उतरत्या दाबाने ओढत नेण्याच्या तंत्राला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात, आणि वर सांगितलेल्या ट्रेलशी त्याचा संबंध केवळ नावापुरता आहे. ब्रेकमुळे पुढच्या चाकावर भार येतो, फोर्क दबतो, टायर जमिनीवर अधिक पसरतो आणि गाडी चटकन वळते. हा ब्रेक वळणाच्या तोंडाशी एकदम सोडला की फोर्क उसळून वर येतो, भार मागे पळतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी पुढचा टायर हलका पडतो. म्हणजे ब्रेक जास्त झाला तरी चाक घसरते आणि तो झटक्याने सोडला तरी घसरते.

याच मुद्द्यावर अमेरिकेतील प्रशिक्षकांत दोन पंथ पडलेले दिसतात. १९८० मध्ये कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल सुरू करणाऱ्या कीथ कोड यांचा भर थ्रॉटलवर आहे: वळणात गाडीची दिशा ठरली की थ्रॉटल हलकेच उघडावा आणि तो सलग उघडत न्यावा, जेणेकरून सुमारे ४० टक्के भार पुढे आणि ६० टक्के मागे राहील, असे ते शिकवतात. निक आयनात्श यांची परंपरा ट्रेल ब्रेकिंगला मध्यवर्ती मानते. वरवर हे मतभेद मोठे वाटतात, पण बारकाईने पाहिल्यास दोघे वळणाच्या वेगवेगळ्या टप्प्यांविषयी बोलत आहेत असे म्हणावे लागते. शिरताना भार पुढे हवा, बाहेर पडताना तो मागे जाणारच. प्रश्न मधल्या टप्प्याचा असतो, जिथे ब्रेक सुटलेला आणि थ्रॉटल अजून न उघडलेला अशा अधांतरी अवस्थेत नवशिके स्वार झुकाव वाढवत राहतात. तिथे पुढचे चाक सुटू लागल्यास थ्रॉटल किंचित उघडून भार मागे सरकवणे उपयोगी पडू शकते. मात्र वळणातून बाहेर पडताना जोरात थ्रॉटल दिल्यामुळेच पुढचा टायर हलका होऊन गाडी बाहेर ढकलली जात असेल, तर तोच उपाय अपाय ठरतो. ‘घसरले की थ्रॉटल द्या’ हा सरसकट दिला जाणारा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे.

सर्व टप्प्यांना सारखी लागू पडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे हातांची ढिलाई. दचकलेला माणूस थ्रॉटल मिटतो, ब्रेक आवळतो आणि हॅण्डल घट्ट धरतो. १९९३ च्या ‘अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट’ या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात कोड यांनी जीव वाचवण्याच्या या उपजत प्रतिक्रियांचाच विस्ताराने विचार केला आहे. आवळलेल्या हातांमुळे खांद्यांची प्रत्येक हालचाल पुढच्या चाकापर्यंत पोहोचते आणि चाकाला स्वतःची दिशा शोधायला मोकळीक उरत नाही. गुडघ्यांनी व मांड्यांनी टाकी धरून शरीराचा भार पायांवर घेतला, तर हात केवळ खटके चालवण्यापुरते उरतात, आणि टायरची बारीक थरथर किंवा हॅण्डल एकाएकी हलके लागणे यांसारख्या पूर्वसूचनाही अशाच हातांना कळतात.

आता सावरण्याच्या एका प्रसिद्ध प्रसंगाकडे वळता येईल. नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हॅलेन्सियाच्या शेवटच्या शर्यतीत आघाडीवर असलेल्या मार्केझचे पुढचे चाक पहिल्या वळणावर दुमडले, गाडी जवळजवळ आडवी झाली, आणि गुडघा व कोपर डांबरावर रेटत त्याने ती पुन्हा उभी केली. खडीच्या पट्ट्यातून बाहेर येऊन तो तिसरा आला आणि त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याने मिळवले. गुडघा आणि कोपर इथे टेकूचे काम करतात. वजनाचा थोडा भाग त्यांच्यावर गेल्यामुळे गाडी आणखी झुकत नाही, आणि दरम्यान घसरण्यात वेग खर्च होत राहतो. वळण्यासाठी लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने वेग १० टक्क्यांनी उतरला तरी बलाची गरज सुमारे १९ टक्क्यांनी घटते, आणि टायरला पुन्हा पकडीत येण्याइतकी सवड मिळते. मात्र टेकूला वेळ हवा, आणि तो मिळण्यासाठी कोपर आधीच जमिनीलगत असावे लागते, जे साठ अंशांच्या झुकावातच शक्य होते. त्याच २०१७ च्या हंगामात मार्केझ सराव आणि शर्यती धरून २७ वेळा पडला होता, हे त्याच्या सावरण्याच्या चित्रफिती पाहताना सहसा कोणी लक्षात घेत नाही.

स्वाराच्या हातात नसलेल्या कारणांत तापमान आणि हवेचा दाब ही मुख्य होत. जर्मनीतील साक्सनरिंगच्या ट्रॅकवर १३ पैकी १० वळणे डावी आहेत; डाव्या वळणांच्या लांब मालिकेनंतर उतारावरचे उजवे अकरावे वळण येते तेव्हा टायरची उजवी बाजू निवलेली असते, आणि तिथे कसलेले स्वारही पुढच्या चाकावरून जातात. दाबाची गोष्ट याहून विचित्र आहे. दुसऱ्या गाडीच्या मागोमाग धावताना थंड हवा पुरेशी न मिळाल्याने पुढचा टायर तापतो, आतील दाब वाढतो, टायर फुगून त्याचा जमिनीला टेकणारा भाग आक्रसतो आणि पकड उतरते. म्हणून संघ हा दाब सुरुवातीला कमी ठेवू पाहतात. त्याला आळा घालण्यासाठी मोटोजीपीत २०२४ पासून पुढच्या टायरसाठी किमान १.८ बार दाबाची अट आहे आणि ती मोडल्यास मुख्य शर्यतीत १६ सेकंदांची शिक्षा होते. मार्च २०२५ मध्ये थायलंडच्या बुरीराम येथे आघाडीवर असलेल्या मार्केझने आपल्या धाकट्या भावाला, आलेक्सला, मुद्दाम पुढे जाऊ दिले आणि बराच काळ त्याच्या मागे राहून टायरचा दाब वाढवला; शेवटच्या काही फेऱ्यांत पुन्हा पुढे जाऊन त्याने शर्यत जिंकली.

भारतात चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर हौशी स्वारांसाठी प्रशिक्षणवर्ग होतात, आणि कोड यांच्या संस्थेचे वर्गही तिथे झाले आहेत. टायर गरम करणारी विद्युत आवरणे नसलेल्या अशा स्वारांसाठी पहिल्या दोन-तीन फेऱ्या सबुरीच्याच असायला हव्यात. फेरी संपल्यावर टायरची कड न्याहाळण्याची सवयही मोलाची आहे, कारण पुढच्या टायरच्या कडेवर रबराच्या बारीक, लाटांसारख्या सुरकुत्या उमटल्या असतील तर तो पुरेसा तापण्याआधीच आडवा रगडला गेला आहे असे बहुधा समजावे.

ब्रेकमुळे होणाऱ्या घसरणीवर आता इलेक्ट्रॉनिक उपायही आला आहे. पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरमध्ये २०२० पासून झुकाव मोजून त्यानुसार ब्रेकचा दाब कमी करणारी एबीएस प्रणाली मिळते, तर मोटोजीपीत एबीएसला मुळीच परवानगी नाही. ही प्रणाली दाब सोडू शकते तो ब्रेकचाच. गार टायरवर, ब्रेकला बोटही न लावता, केवळ झुकाव जास्त झाल्यामुळे चाक सुटते तेव्हा सोडण्यासारखे तिच्या हातात काहीच नसते.