खानावळीच्या शेगडीमागची भिंत: टाइल्स, स्टील की काच?

शहापूरला नाशिक हायवेच्या कडेला किंवा मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुमची खानावळ असेल, किंवा घरच्या किचनमधूनच डबे जात असतील, तर आजचा विषय तुमचाच आहे. ओट्यामागच्या भिंतीला काय लावायचं?

घरच्या किचनमध्ये ही आवडीची गोष्ट असते. कमावत्या किचनमध्ये मात्र एकच प्रश्न विचारा: रात्री धंदा बंद करताना ही भिंत पुसायला किती वेळ लागणार? रोजची १५ मिनिटं वाचली तर महिन्याला साडेसात तास झाले की नाही? शिवाय अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांमध्ये (परिशिष्ट ४) भिंत गुळगुळीत, सहज साफ होणारी आणि रंगाचे-प्लास्टरचे पोपडे न सुटणारी हवी, असं स्पष्ट आहे. छोट्या नोंदणीवाल्यांनाही ते लागू आहे.

आता पुसण्याचा त्रास खरा कुठे होतो? टाइलवर नाही, सांध्यात. फोडणीचं तेल आणि हळद तिथेच मुरते. हिशोब बघा. ८ फूट रुंद, ४ फूट उंच भिंतीला १ बाय १ फुटाच्या टाइल्स लावल्या तर मधले सांधे भरतात ५२ फूट. त्याच भिंतीला २ बाय ४ च्या चार टाइल्स उभ्या लावल्या तर फक्त १२ फूट! म्हणून माझं मत मोठ्या, फिक्या रंगाच्या, प्लेन व्हिट्रिफाइड टाइल्सना. फिक्या कशाला? डाग दिसला तरच पुसला जातो. सांध्यांत साधं सिमेंट न भरता इपॉक्सी ग्राउट भरा. महाग आहे, पण तेल पीत नाही. आणि एक सांगतो, व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटवर ती नीट धरत नाही. टाइल अॅडहेसिव्हच वापरायला लावा, गवंडी काहीही म्हणो.

जुन्या टाइल्स घट्ट असतील तर तोडूच नका. सांधे खरवडून इपॉक्सी भरलं तरी निम्मं काम होतं.

स्टीलचा पत्रा मोठ्या भट्टीमागे, तेवढ्याच भागात लावा. तिथे तो उत्तम. बिलावर ३०४ ग्रेड लिहून घ्या. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४, असं समजू नका. स्वस्तातल्या २०२ लाही तो सहसा चिकटत नाही. ब्लीचिंगचं पाणी मात्र स्टीलवर राहू देऊ नका, गंज धरतो.

काच दिसते छान, सांधेही नाहीत. पण टफन केल्यावर ती कापता येत नाही. प्लगचं भोक दोन इंच चुकलं की नवी काच. कडाप्पा घ्यायचाच तर ओट्याखाली घ्या, भिंतीला नको. लिंबू, चिंच, कोकम त्यावर डाग पाडतात.

पीव्हीसी शीट एका दिवसात लागते म्हणून मोह होतो. शेगडीमागे ती उष्णतेने मऊ पडून वाकते, पुढे आगीचा धोका. तिथे नकोच.

आपल्या भागातली मोठी अडचण वेगळीच आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस! भिंतीत ओल असेल तर कुठलीही टाइल पुढे सुटणार. आधी तपासा: फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करा, दुसऱ्या दिवशी काढा. भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल आतून येते आहे. मग पहिला पैसा बाहेरच्या प्लास्टरवर, गळक्या पाइपवर.

काम कधी काढायचं? फेब्रुवारी-मार्च. भिंत सुकलेली असते, लग्नसराईच्या मोठ्या ऑर्डरी अजून यायच्या असतात. जुलै-ऑगस्टला माळशेजची गर्दी असते, तेव्हा किचन बंद ठेवणं म्हणजे सीझन घालवणं.

टाइल्स येण्याआधी मिक्सर आणि फ्रिजचे प्लग पॉइंट वायरमनकडून पक्के करून घ्या. सगळ्या बॉक्सवर बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना, बघा. एक-दोन टाइल्स जास्तीच्या घेऊन ठेवा, तीच शेड पुढच्या वर्षी मिळत नाही.