गोधडी : घरात राहिलेल्या कापडाची नोंद

बुऱ्हाणपूरच्या कापडावर आपल्या मंडळात बरंच वाचून झालं आहे. 17व्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच व्यापारी इथून गेला. इथलं तलम सुती कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं, असं त्याने लिहून ठेवलं. 1906 साली ताप्ती मिल निघाली, पुढे पॉवरलूम आले. पण ही सगळी नोंद विकल्या गेलेल्या कापडाची आहे. दापोऱ्यासारख्या गावात जे कापड घरात आलं आणि अंगावर विरलं, त्याची नोंद दप्तरात सापडत नाही. ती गोधडीत सापडते.

हे मला उशिरा कळलं. आई गेल्यावर तिची एक गोधडी माझ्याकडे आली. कोपरा फाटला होता आणि आतले थर दिसत होते. मी पडलो इंजिनिअर. वाटलं, सरळ उसवावी, थर मोजावेत, फोटो काढावेत. मावशीने हात धरला. म्हणाली, "उसवतो कशाला रे? एक शिवून पाह्य, म्हंजे समजीन."

मग तिच्याच ओसरीवर बसून मी एक लहान गोधडी शिवली. पद्धत अशी :

जुनी सुती लुगडी, धोतरं, सदरे धुऊन वाळवायचे. शिवणी, गुंड्या, जाड पट्ट्या काढून टाकायच्या. कोरं कापड आत घालायचं नाही. ते पुढे धुण्यात आटतं आणि गोधडी चुण्या धरते. जुनं कापड जेवढं आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं.

खाली धड असलेलं लुगडं ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. त्यावर तुकडे मांडायचे. विरलेल्या जागी दुहेरी तुकडा, आणि दोन तुकड्यांच्या कडा एकावर एक यायला हव्यात, नाहीतर तिथे फट राहते. वर दुसरं लुगडं. त्याचे काठ शक्यतो कडेला घ्यायचे, कारण काठ घट्ट विणलेला असतो आणि झीज आधी कडेलाच होते.

मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर जागेवर धरायचे. कडा आत दुमडून शिवायच्या. पक्का धावदोरा कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत मध्याकडे न्यायचा. दोन ओळींत बोटभर अंतर. प्रत्येक फेरीला तळहाताने कापड सपाट करायचं. मी ते विसरलो, आणि मध्यावर आलो तेव्हा कापडाचा फुगा झाला. तीन फेऱ्या उसवाव्या लागल्या. मावशी हसली, पण मदत केली नाही.

या रचनेत मला जे दिसलं ते असं. ओढ एका शिवणीवर येत नाही, शेकडो टाक्यांवर वाटली जाते. एखादा दोरा तुटला तरी आजूबाजूच्या ओळी थर धरून ठेवतात. आणि थरांमध्ये अडकलेली हवा ऊब देते. पुस्तकात शिकलेलं हे सगळं या बायकांच्या हाताला न शिकवता माहीत होतं.

शिवून झाल्यावर आईची गोधडी पुन्हा हातात घेतली. आता ती वाचता येत होती. वरचे टाके बोटभर अंतरावर, आईच्या हातचे. पण फाटलेल्या कोपऱ्यातून आतल्या थरांवर जवळजवळ घातलेले, वेगळ्याच दिशेला जाणारे टाके दिसत होते. म्हणजे आत अख्खी एक जुनी गोधडी होती. आईने ती टाकली नव्हती, तिच्यावर नवं लुगडं चढवलं होतं. मावशीला दाखवलं. तिने निळ्या चौकड्यांच्या तुकड्यावर बोट ठेवलं : "हा तुह्या आजोबाचा सदरा. अन् हे टाके आजीचे."

मी उसवलं असतं तर थर मोजता आले असते, पण सदरा कोणाचा ते कळलं नसतं. ते फक्त मावशीला माहीत होतं. आईला त्याहून जास्त माहीत असणार, आणि मी तिला कधी विचारलं नाही.

आता घरोघरी कृत्रिम धाग्याच्या साड्या आहेत. त्या घाम शोषत नाहीत, शिवताना थरांवरून सरकतात. बाजारात ब्लँकेट स्वस्त मिळतं. गोधडी शिवणारे हात कमी झाले आहेत, त्याची तक्रार करून उपयोग नाही. पण जुन्या गोधड्या अजून पेट्यांत, माळ्यांवर आहेत.

म्हणून मंडळाच्या सभासदांना एक विनंती. घरातली गोधडी बाहेर काढा, उन्हात घाला, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा. एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा : हे कोणाचं? कुठून आणलं होतं? उत्तर त्याच दिवशी वहीत लिहा, सोबत फोटो ठेवा. उसवू मात्र नका. कोपरा फाटला असेल तर ठिगळ लावा आणि पांघरा. आईच्या गोधडीला मी तेच केलं. ठिगळ माझ्या सदऱ्याचं आहे.