लोकरी मावा आणि आपल्या फडातील मित्रकीटक



जैवविविधता हा शब्द कानावर आला की आपल्या डोळ्यांपुढे वाघ, मोर आणि सह्याद्रीचं जंगल उभं राहतं. ते काम सरकारचं, वनखात्याचं, आपला त्याच्याशी काय संबंध, असं म्हणून आपण मोकळे होतो. परंतु ज्या जिवांनी आपल्या भागातला ऊस एकदा वाचवला ते जंगलात नव्हते, उसाच्या पानाखाली होते. त्या गोष्टीला आता दोन तपं होऊन गेली. शेती नव्याने हाती घेतलेल्या तरुण सभासदांनी तो काळ पाहिलेला नाही आणि ज्यांनी पाहिला तेही विसरत चालले आहेत, म्हणून हे लिहावयाचे.

२००२ सालच्या जुलैमध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला. ही कीड आसामकडे व बंगालमध्ये पूर्वीपासून माहीत होती, आपल्याकडे मात्र कोणी तिचं नावही ऐकलं नव्हतं. बघता बघता ती पश्चिम महाराष्ट्रात आणि पलीकडे उत्तर कर्नाटकात पसरली. पानाच्या खालच्या बाजूस, मधल्या शिरेच्या कडेने, पिंजलेला कापूस चिकटवावा तसे पांढरे थर असत. फडात शिरलेला माणूस बाहेर येईतो पांढरा होऊन येई. मावा पानातला रस शोषतो आणि अंगातून गोड चिकट पाणी टाकतो. ते खालच्या पानांवर पडतं व त्यावर काळी बुरशी धरते. पान काजळलं म्हणजे ऊन घेऊन साखर करण्याचं त्याचं काम मंदावतं. वजनही जातं आणि उताराही जातो. माव्याच्या माद्या नराशिवायच पिलं देतात, त्यामुळे वाढ झपाट्याची. पंख फुटलेला मावा वाऱ्याबरोबर जातो, आणि उरलेलं काम आपण करतो. कीड लागलेल्या फडातली वाढी जनावरांसाठी दुसऱ्या गावी नेली की मावाही सोबत पोचतो.

त्यावेळी आम्ही काय केलं ते सांगायला हरकत नाही. आम्ही शेतकी खात्याच्या मंडळींनी गावोगाव फिरून फवारणीचीच शिफारस केली आणि औषधं बिलातून कापून घेण्याच्या बोलीवर वाटली. पण आठ-नऊ महिन्यांच्या, डोक्यावर गेलेल्या आडसाली उसात पाठीवर पंप घेऊन माणूस शिरणार कसा? बांधाकडच्या चार सऱ्या भिजत आणि मधला फड कोरडा राही. जिथे औषध नीट पोचलं तिथेही काही आठवड्यांत मावा परत आला. एका गटसभेत एका वयस्कर सभासदाने आम्हाला विचारलं, "साहेब, हे औषध माव्याला मारतंय का माव्याला खाणाऱ्याला?" आमच्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हतं.

उत्तर पानाखालीच होतं. माव्याच्या थरात रेशमी धाग्याची जाळी विणून, तिच्याआड राहून मावा खाणारी एक अळी अनेक फडांत आपणहून आलेली होती. तिचं नाव डिफा, काही जण तिला कोनोबाथ्रा या जुन्या नावानेही ओळखतात. लांबी साधारण अर्धा इंच. पाहणाऱ्याला वाटावं की माव्याच्या जोडीला आता अळीही पडली! अशा समजुतीने तिच्यावरही फवारे मारले गेले. दुसरा मित्र मायक्रोमस. त्याची अळी बारीक, दोन्ही टोकांना निमुळती आणि भलती चपळ. मोठा झाल्यावर तपकिरी, जाळीदार पंखांचा लहानसा कीटक दिसतो. शिवाय ढालकिडे होते. त्यांची पिलं इवल्याशा सुसरीसारखी दिसतात, म्हणून ती ढालकिड्याचीच पिलं आहेत हे सहसा ओळखू येत नाही. मधमाशीसारखी दिसणारी, हवेत एका जागी थांबणारी सिरफिड माशी आपली अंडी माव्याजवळच घालते, म्हणजे अळी बाहेर पडताच तिला खाणं समोर मिळतं.

आता फवाऱ्याने मावा परत का येतो ते पाहू. औषध दोघांनाही मारतं. पण मावा थोडा जरी उरला तरी त्याला खायला अख्खा फड पडलेला असतो, त्यामुळे तो लगेच वाढतो. खाणाऱ्याचं तसं नाही. आधी मावा वाढणार, मग त्यावर तो वाढणार. मधले ते आठवडे माव्याला मोकळं रान मिळतं.

पुढे शास्त्रज्ञांनी या कीटकांना हाताशी धरलं. मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेने शेडनेटखाली डिफा वाढवण्याचं काम केलं. डिफाच्या हेक्टरी १,००० किंवा मायक्रोमसच्या हेक्टरी २,५०० अळ्या सोडाव्यात अशी शिफारस झाली. आसामातून एन्कार्सिया नावाची अगदी बारीक गांधीलमाशीही आणली गेली. ती माव्याच्या अंगातच अंडी घालते. परंतु प्रयोगशाळा सगळ्या शिवाराला पुरणार कशी? मोठा भाग शेतकऱ्यांनीच उचलला. ज्या फडात डिफा भरपूर, तिथली पानं कापून ज्या फडात ती नाही तिथल्या उसाला बांधायची, एवढीच युक्ती. त्यासाठी अळी ओळखता यायला हवी. म्हणून आम्ही भिंगं घेऊन शिवारफेऱ्या काढल्या. खरं सांगायचं तर अळी ओळखण्यात पुरुषांपेक्षा बायका पुढे निघाल्या, कारण वाढी काढताना पान रोज त्यांच्याच हातात असतं. ज्या गावात ही ओळख पटली तिथे औषधाची मागणी आपसूक कमी झाली. मावा पुढे काही वेळा दिसला, अजूनही अधूनमधून दिसतो, पण ते थैमान राहिलं नाही.

मग आता लिहिण्याचं कारण काय? कारण आता ड्रोन आला आहे. पाठीवरच्या पंपाची जी अडचण होती तीच मित्रकीटकांची सोय होती. मधला फड कोरडा राहायचा म्हणून तिथे ते टिकून राहायचे. ड्रोनने मधला फडही भिजतो. आम्ही ड्रोनच्या विरुद्ध नाही. खतं, सूक्ष्म अन्नद्रव्यं द्यायला तो उत्तमच आहे. पण टॉनिकच्या टाकीत "असू दे थोडं" म्हणून कीटकनाशक ओतायची जी सवय लागते आहे ती महागात पडेल. कीड नसताना मारलेला फवारा फक्त मित्रांनाच मारतो, कारण त्यावेळी फडात दुसरं असतं कोण?

पाचटाबद्दल दरवर्षी सांगतो. हेक्टरी ८ ते १० टन पाचट पेटवलं की सेंद्रिय माल जातो हे सर्वांना पाठ आहे. त्यासोबत पाचटात दडलेले जीवही जळतात हे फारसं कोणी बोलत नाही. पाकोळी, म्हणजे पायरिला, हिच्यावर जगणाऱ्या एपिरिकॅनिया या मित्राचे पांढरे कोष उसाच्या पानांवरच असतात. बांधाचंही तसंच. तणनाशकाने बांध पिवळाजर्द केला की सिरफिड माशीला फुलातला मध मिळेनासा होतो. बांधाला एक ओळ चवळीची टाकावी. चवळीवरचा काळा मावा उसावर येत नाही, पण त्यावर ढालकिडे पोसले जातात, आणि शेंगा घरात येतात त्या वेगळ्याच.

एक गंमत सांगतो. मावा आला त्याच २००२ साली संसदेने जैविक विविधता कायदा केला. त्यानुसार गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकांकडून माहिती घेऊन लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. आपल्या ग्रामपंचायतीची नोंदवही सभासदांनी एकदा मागून पाहावी. वड, पिंपळ, ससा, मोर यांची नावं असतील. डिफा आणि ढालकिडा नसतील तर लिहायला सांगावं. ज्याला आपण नावाने ओळखत नाही त्याच्यावर पंप धरताना हात थांबत नाही, हे आम्ही २००२ साली स्वतःच्या हाताने अनुभवलं आहे.

पावसाळ्यात व त्यानंतर, विशेषतः आडसाली व पूर्वहंगामी उसात, आठवड्याला एकदा फडाच्या आत आठ-दहा सऱ्या शिरून खालची पानं उलटून पाहावीत. पांढरा मावा आढळला तर त्या फडातली वाढी बाहेर नेऊ नयेत आणि औषध आणण्याआधी आपल्या गट कार्यालयात निरोप द्यावा. येताना माव्यासहित एक-दोन पानं कागदी पिशवीत घालून आणावीत, म्हणजे माव्याबरोबर डिफा आहे की नाही हे समोरासमोर भिंगाखाली पाहता येईल.