वळिवड्याचे पोलिश पाहुणे

युरोपचा विसाव्या शतकातील इतिहास कोल्हापूरच्या वेशीपर्यंत येऊन पोहोचला होता, हे मांजलपुरातील आमच्या विद्यार्थ्यांना सहसा खरे वाटत नाही. तीन साम्राज्यांनी वाटून घेतलेला पोलंड १९१८ साली पुन्हा उभा राहिला; १९३९ साली जर्मनी व सोव्हिएत रशिया यांनी तो परत वाटून घेतला. पूर्व पोलंडातील लाखो माणसे सैबेरियाकडे हद्दपार झाली. त्यांपैकी काही पुढे इराणमार्गे हिंदुस्थानात आली. जामनगरच्या जामसाहेबांनी १९४२ साली बालाचडीस निराधार मुलांना आश्रय दिला. वळिवडे येथील छावणीत तर १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार जण राहिले. त्यांत बहुतांशी बायका-मुलेच. शाळा, चर्च, सारे तेथे उभे राहिले.

युद्ध संपले, पण परतायचे कोठे? १९४५ च्या याल्टा परिषदेनंतर ल्वोव शहरासह पोलंडचा पूर्वभाग रशियाकडेच राहिला. कित्येकांनी मग इंग्लंड, ऑस्ट्रेलिया गाठले.

१ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात दाखल झाला. (आम्हां बडोदेकरांनाही ही तारीख परिचित आहे: १९४९ साली याच दिवशी आमचे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, १९६० साली याच दिवशी आम्ही गुजरात राज्यात आलो, उंबरठा मात्र आमचा आमच्याकडेच राहिला.) ल्वोव त्या संघाच्या सीमेपलीकडे, युक्रेनमध्ये आहे.