ग्राइंडरची चकती: बसवण्याआधी तपासा

औजारासाठी अँगल, पाइप कापताना चकती फुटली तर तुकडा थेट डोळ्यात जातो. म्हणून एवढं कराच:

✅ चकतीवर छापलेला आरपीएम ग्राइंडरच्या आरपीएमपेक्षा कमी नको. गार्ड काढून ४ इंची ग्राइंडरला ५ इंची चकती लावू नका.

✅ तडा गेलेली, भिजलेली, मधल्या रिंगवरची मुदत संपलेली चकती फेकून द्या.

✅ प्लग काढूनच चकती बदला. नवी चकती अर्धा मिनिट मोकळी फिरवा, समोर थांबू नका.

✅ दोन्ही टोकांना टेकू दिला की कट मिटतो, चकती अडकून फुटते. एक टोक शिकंजात पकडा, तुटणारं टोक मोकळं ठेवा. जोर देऊ नका, बाजूने घासू नका.

✅ सेफ्टी गॉगल घाला. उन्हाचा चष्मा चालणार नाही. कडबा, डिझेल ठिणग्यांपासून लांब ठेवा.