पितळेला एक, पिनियनला एक

पहाटे ४:५०
सोनापूरच्या कामगार वस्तीत नळापाशी रांग लागली आहे. मामा रांगेत तिसरे. वय बावन्न, गाव चिपळूणजवळचं. कार्डावर नाव वेगळं आहे, पण गॅरेजात केरळची, नेपाळची, पेशावरची सगळी पोरं त्यांना मामाच म्हणतात. खोलीत सहा जण. खोली कंपनीची, खानावळीचे महिन्याला ३५० दिरहम ज्याचे त्याने द्यायचे. मामांच्या डब्यात दोन चपात्या, डाळ आणि गावाहून आलेली सुकटीची चटणी.

६:००
कंपनीची बस निघते. दुबईच्या या टोकाकडून अल कूझपर्यंत जायचं. बसमध्ये कुणी बोलत नाही, सगळे झोपेची उरलीसुरली थकबाकी वसूल करतात.

७:१०
शटर वर जातं. पहिल्या लिफ्टसमोर लाल टोयोटा ८६ उभी आहे. मॅन्युअल, सहा गेअर, मागची चाकं ओढणारी. मालक पंचविशीचा, बँकेत नोकरीला. शनिवारी तो गाडी दुबई ऑटोड्रोमवर नेणार आहे. तिथला मोठा ट्रॅक ५.३९ किलोमीटरचा. जॉबकार्डावर दोन तक्रारी आहेत. सकाळी तिसरा गेअर टाकताना खर्र होतं. हळू वळताना मागून कडकड येते.

मामा कार्ड बाजूला ठेवतात आणि चावी घेतात. मीही शेजारी बसतो. दुसरा, तिसरा, परत दुसरा. लिव्हरवर दोनच बोटं. तिसऱ्याला ते थबकतात, पुन्हा टाकतात. गाडी पंधरा मिनिटं फिरवायचं आणखी एक कारण आहे : तेल गरम झालं की पूर्ण उतरतं, तळाचा गाळही सोबत घेऊन येतं.

७:४५
गाडी लिफ्टवर. हेल्पर पोरगा पाना घेऊन थेट खालच्या बोल्टकडे जातो. मामा त्याचा हात धरतात.

"आधी वरचा. भरायचा बोल्ट सुटतोय का, ते आधी बघ. नाहीतर तेल जाईल खाली, वरचा बोल्ट बसेल अडून, आणि गाडी राहील लिफ्टवर."

हे ते एसटीच्या चिपळूण आगारात अप्रेंटिस असताना शिकले. तिथे घाट उतरून आलेल्या गाड्यांच्या हाउसिंगला हात लावला तर कातडी निघायची.

खालचा बोल्ट सुटतो. तेल जाड धारेने ट्रेमध्ये पडतं. मामा बोटावर थेंब घेतात, चोळतात, हुंगतात. सडक्या अंड्यासारखा वास, गंधकाचा. गेअरबॉक्सच्या तेलाला तो थोडा असतोच, इथे जरा जास्तच आहे. मग ते डॅशबोर्डच्या कप्प्यातून मागच्या गॅरेजचं बिल काढायला लावतात. बिलावर एकाच तेलाचे चार डबे लिहिलेत. जीएल-५, ७५डब्ल्यू-१४०. गेअरबॉक्समध्ये तेच, डिफरन्शियलमध्येही तेच.

"महाग तेल म्हणजे चांगलं तेल, असं वाटतं लोकांना," मामा म्हणतात. त्यांच्या आवाजात राग नाही, हळहळ आहे.

९:००
या कामातला अवघड भाग कपाटासमोर उभं राहण्याचा आहे. लोखंडी कपाटात पाच-सहा प्रकारचे डबे. सगळ्यांवर 'गेअर ऑइल' लिहिलेलं.

मामा मला जुनी, झिजलेली सिंक्रो रिंग दाखवतात. पितळी, बांगडीएवढी. गेअर बदलताना ही रिंग पुढच्या गेअरच्या शंकूवर घासते, दोघांचा वेग एक करते, मग दात गुपचूप अडकतात. म्हणजे इथे घासायलाच हवं. तेल फार निसरडं असेल तर रिंगची पकड सुटते आणि दात दातावर आपटतात. तोच तो खर्र.

डिफरन्शियलचं उलट. छोटा दातेरी पिनियन मोठ्या क्राउन चाकाच्या मध्यावर बसत नाही, खाली सरकवून बसवलेला असतो. त्यामुळे दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, प्रचंड दाबाखाली घसरतात. साध्या तेलाचा थर तिथे पिळून निघतो. म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४च्या साधारण दुप्पट असतात. ती गरम पोलादावर आपला एक थर धरतात आणि दात वाचवतात. हीच रसायनं पितळेला मात्र कुरतडू शकतात. काही तेलांमध्ये त्यावर तोड काढलेली असते, आणि डब्यावर जीएल-४, जीएल-५ दोन्ही लिहिलेलं असतं. मामा तसं तेल रोजच्या गाडीत घालतात. ट्रॅकवरच्या गाडीत नाही.

आकड्यांकडे ते नंतर वळतात. ७५डब्ल्यू ही थंडीची परीक्षा, उणे ४० अंशांची. इथे कामाचा तो मागचा आकडा. १०० अंशांना ९० नंबरचं तेल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक जाड राहायला हवं, १४० नंबरचं किमान २४. गेअरबॉक्सला १४० घातलं तर सकाळी ते काकवीसारखं बसून राहतं. ट्रॅकवर तापणाऱ्या डिफरन्शियलला मात्र तो जाडपणा हवा.

या गाडीत कंपनीने टॉर्सन पद्धतीचं डिफरन्शियल दिलेलं. त्यात नुसती गेअरची चाकं, त्याला वेगळं काही लागत नाही. मालकाने गेल्या महिन्यात ते काढून क्लच-प्लेटचं बसवलं. प्लेटा एकमेकींना धरतात-सोडतात. तेलात घर्षण सांभाळणारं द्रव्य नसेल तर त्या सोडताना झटके देतात. तीच ती कडकड.

मामा दोन प्रकार बाहेर काढतात. गेअरबॉक्सला रेड लाइन एमटी-९०, जीएल-४. मागे मोट्युल गेअर कॉम्पिटिशन ७५डब्ल्यू-१४०, अशा प्लेटांसाठीच बनवलेलं.

११:२०
फोनवर मालक. गेअरबॉक्सला २.२ लिटर लागतं, त्या बाटल्या लिटरला थोड्या कमी, म्हणून तीन. डिफरन्शियलला १.१५ लिटर, म्हणजे दोन डबे. दुसरा डबा दीडशे मिलिलिटरसाठी फोडायचा. डबा ९० दिरहमचा. मालक कुरकुरतो, गेल्या वेळचं उरलेलं काही नाही का विचारतो. "ते दुसरं तेल आहे साहेब, त्यात मिसळायचं नाही," मामा हिंदीत सांगतात, दोनदा.

मामांचा पगार २,६०० दिरहम, सव्वीस दिवसांचा. दिवसाचे १००.

१:००
जेवणाचा डबा उघडतो. बाहेर ४१ अंश. उघड्यावर काम करणाऱ्यांना १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन सक्तीची विश्रांती असते. गॅरेजला छप्पर आहे, त्यामुळे इथे ती नाही. अर्ध्या तासात पंखा पोराकडे वळवून मामा उठतात.

१:३५
मागचं डिफरन्शियल रिकामं होतं. नव्या प्लेटांचं पहिलं तेल, काळपट. मामा बोल्टच्या टोकाचं चुंबक चिंधीवर पुसतात. करडा, लोण्यासारखा मऊ लेप. ते दोन बोटांत चोळून बघतात, उजेडात धरतात. कुठे किरचा लागत नाही. "हे रुळणं आहे. किरचा लागली असती तर उघडायला लावलं असतं."

नवे वायसर, दोन दिरहमचा एक. जुना उलटा करून बसवणारे मिस्त्री त्यांनी पाहिलेत. मामा बसवत नाहीत.

हातपंपाने तेल चढवायला पाऊण तास जातो. पोरगा दांडा मारतो, मामा नळी धरतात. भोकातून तेल परत ओघळू लागलं की भरलं. पण त्याआधी गाडी लिफ्टवर सपाट आहे का, ते पुढून मागून वाकून बघायचं. बोल्ट टॉर्क पान्याने, टक्क आवाज येईपर्यंत. त्यावर पांढऱ्या पेनाची रेघ.

४:१५
मागच्या मोकळ्या जागेत गाडी इंग्रजी आठच्या आकारात फिरते. हळू, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नवं तेल प्लेटांच्या मध्ये शिरायला हेच लागतं. पहिल्या काही फेऱ्यांत कडकड आहे, मग अंतर वाढतं, मग एखादीच. तिसरा गेअर अजून किंचित अडतो. मामा चार-पाच वेळा वर-खाली करतात.

"रिंग थोडी खाल्लीय. तेलाने झीज भरून येत नाही."

५:४०
मालक येतो. एक फेरी मारून खुशीत परततो. मामा त्याला तिसऱ्या गेअरचं सांगतात, खुशी थोडी उतरते तरी सांगतात. बिल ७१५ दिरहम. तेल, वायसर आणि २५० मजुरी, जी गॅरेजची. उरलेल्या डब्यांवर मामा गाडीचा नंबर आणि तारीख लिहितात, मालकाच्या डिकीत ठेवतात.

"शनिवारी थंड गाडीला घाई करू नका. पहिली फेरी सावकाश. तिसरा पुन्हा खर्र झाला तर सोमवारी आणा, गेअरबॉक्स उतरवून रिंग बदलू."

मालक विचारतो, किती खर्च येईल. मामा कार्डाच्या मागे आकडे मांडायला बसतात.