प्रतिकृती विमानातील सांधे

प्रतिकृती विमानातील सांधे : उडणाऱ्या प्रतिकृती विमानाचे लाकडी भाग आसंजकाने (चिकटविणाऱ्या पदार्थाने) जोडून तयार होणारी जोडणी. अशा विमानात खिळे क्वचितच वापरतात. त्यामुळे उड्डाणातील भार एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे मुख्यतः सांध्यांतूनच जातो. पंखाच्या मध्यावरील एक सांधा हवेत निखळला, तरी संपूर्ण विमान कोसळते व खालील माणसांना इजा होण्याचा संभव असतो. सांध्याची बळकटी आसंजकाच्या प्रमाणापेक्षा भागांची जुळणी, चिकटलेल्या पृष्ठाचे क्षेत्रफळ व भाराची दिशा यांवर अधिक अवलंबून असते.

सांध्याची रचना : या विमानांसाठी प्रामुख्याने बाल्सा हे हलके लाकूड वापरतात. त्याची घनता सामान्यतः दर घ. मी. स १०० ते २०० किग्रॅ. असते. ते सच्छिद्र असल्याने तंतूंच्या आडव्या छेदावर लावलेले आसंजक आत शोषले जाते व सांधा कोरडा राहतो. म्हणून दोन पट्ट्यांची टोके समोरासमोर टेकवून केलेला सांधा सर्वांत दुर्बल ठरतो. त्याऐवजी टोके तिरकी कापून एकमेकांवर बसवितात. पंखाच्या तुळईत या उताराची लांबी पट्टीच्या जाडीच्या ८ ते १२ पट ठेवतात. त्यामुळे चिकटणारे क्षेत्र वाढते आणि भार पृष्ठे एकमेकांवरून सरकविण्याच्या रूपात येतो. असा भार सांधा चांगला सोसतो. कडेपासून सोलून काढणारा भार मात्र त्याला सोसत नाही.

आसंजकाची निवड : सेल्युलोज नायट्रेटाचे जुने आसंजक लवकर वाळते, परंतु वाळताना आकुंचन पावत असल्याने पातळ भाग वाकण्याची शक्यता असते. पॉलिव्हिनिल ॲसिटेटाचे पांढरे आसंजक सावकाश वाळते, पण सांधा चिवट होतो. सायनोॲक्रिलेट आसंजक १९५८ मध्ये बाजारात आले. पृष्ठावरील सूक्ष्म ओलाव्यामुळे ते काही सेकंदांत घट्ट होते. त्याचा पातळ प्रकार फटीत आपोआप शिरत असला, तरी मोठी पोकळी भरून काढीत नाही. शिवाय सांधा धक्क्याला ठिसूळ ठरतो. साधे सायनोॲक्रिलेट थर्मोकोल विरघळविते. एपॉक्सी रेझीन दोन घटक ठरलेल्या प्रमाणात मिसळून वापरतात. ते वजनदार असल्याने इंजिनाचा तक्ता, चाकांची बैठक व पंखाचा मध्यभाग अशा अधिक भाराच्या जागीच योजतात. एपॉक्सीने त्वचेला व सायनोॲक्रिलेटाच्या वाफांनी डोळ्यांना त्रास होत असल्याने हातमोजे व हवेशीर जागा आवश्यक असते.

हवामानाचाही निवडीवर परिणाम होतो. बाल्सा व बर्च प्लायवुड यांपासून बनविलेल्या मॉस्किटो या ब्रिटिश लढाऊ विमानात (पहिले उड्डाण १९४०) प्रथम दुधापासून मिळणाऱ्या केसिनाचा सरस वापरीत. उष्ण व दमट हवेत तो टिकत नसल्याने पुढे यूरिया-फॉर्माल्डिहाइड रेझीन वापरण्यात आले.

मजबुतीकरण : आडव्या छेदावर आधी आसंजकाचा पातळ हात देऊन तो वाळू देतात व नंतर दुसरा हात देऊन भाग जोडतात. कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या बसवितात. दोन्ही पंख टोकांकडे किंचित उचललेले असल्यास मध्यभागी तुळयांना प्लायवुडचे जोडपट्टे लावतात, कारण वाकविणारा भार तेथे सर्वाधिक असतो. वरच्या व खालच्या तुळयांमध्ये उभ्या तंतूंचे पातळ पडदे चिकटविल्याने पंख बराच ताठ होतो. मध्यभागावरून काचतंतूंची पट्टी एपॉक्सीने चिकटविण्याचीही पद्धत आहे. चाकांची पोलादी तार घासून व तेलकटपणा पुसून प्लायवुडवर दोऱ्याने बांधतात आणि मग त्यावर एपॉक्सी लावतात.

चाचणी : त्याच लाकडाचे दोन तुकडे त्याच रीतीने जोडून, आसंजक पूर्ण घट्ट झाल्यावर, मोडून पाहतात. लाकूड फाटले व सांधा शाबूत राहिला, तर जोडणी पुरेशी समजतात. सांधाच स्वच्छ सुटला, तर जुळणी सैल, पृष्ठ तेलकट अथवा आसंजक अपुरे घट्ट झाले असावे. अशा वेळी वरून आणखी आसंजक ओतल्याने वजन तेवढे वाढते. सांधा उघडून व पृष्ठे घासून पुन्हा जोडणे हाच खात्रीचा उपाय होय.